सावली येऊन राहिली तिथं

जबलपूरच्या सूर्याने आजवर कोणापुढे हात टेकले असतील, तर ते आमच्या व्याह्यांपुढे. उगाच कौतुकाने म्हणत नाही हो, डोळ्यांनी पाहिलंय. मे महिन्यात इथे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. दार उघडलं की भट्टीचा श्वास तोंडावर येतो, सीटवर बसलेला माणूस तव्यावरच्या धिरड्यासारखा एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर होतो, आणि बेल्टच्या बकलाला चुकून हात लागला तर स्वर्गातले सासूसासरे आठवतात. आपण सगळे फुंकरा घालत, देवाला आणि सरकारला बोल लावत तसेच बसतो. माझी लेक ज्यांच्या घरी दिली ते हे गृहस्थ मात्र भर दुपारी दोन वाजता गाडीचं दार असं उघडतात जसं कोणी देवघराचं उघडावं, आणि आतून खरंच गारवा येतो, वाळ्याचा वास येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी चप्पल बाहेर काढून ठेवणार होते.

त्यांचा आणि माझा परिचयच मुळी या विषयावरून झाला. लेकीला पाहायला आले, चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पत्रिकेचा नाही, मुलीच्या शिक्षणाचा नाही, तर आमच्या फाटकाचा. फाटक पूर्वेला की पश्चिमेला? मला वाटलं, वास्तुशास्त्र मानणारं घर दिसतंय. तेव्हा आमचे हे होते, त्यांनी छाती काढून सांगितलं, पूर्वेला. मग दुसरा प्रश्न आला, फाटकासमोर झाड कशाचं? हे म्हणाले गुलमोहर. त्याबरोबर पाहुण्यांचा चेहरा असा उतरला की मी आत जाऊन देवापुढे हात जोडले, जमलेलं लग्न झाडापायी मोडतंय म्हणून. बाहेर येते तो ते शांतपणे सांगत होते, "गुलमोहराची सावली म्हणजे चाळणीतलं पाणी. चार वाजेपर्यंत बसायचं असेल तर मी गाडी पलीकडच्या चिंचेखाली लावून येतो." गेले, लावून आले, आणि चिंचेची फार स्तुती करत त्यांनी मुलगी पसंत केली.

नोकरी सगळी खमरियाच्या फॅक्टरीत, माल तपासून शिक्का मारायच्या कामावर. तपासल्याशिवाय वस्तू पुढे जाऊ द्यायची नाही ही सवय हाडात मुरलेली. आता विजय नगरला राहतात, पण ती तपासणी सुटली नाही, फक्त सावलीवर आली. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. तीत गावातली झाडं, भिंती, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांच्या सावल्या वेळेसकट लिहिलेल्या. बँकेसमोरचा कडुनिंब, अकरा दहा ते पाऊण. भाजीबाजाराची टाकी, तीननंतर, आधी विश्वास ठेवू नये. आमच्या घरचा गुलमोहर, याच्यापुढे नुसतीच फुली. मी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले तर समोर छान गर्द सावली मोकळी असताना यांनी गाडी नेऊन रखरखीत उन्हात उभी केली. मी म्हटलं, व्याहीबुवा, उन्हानं डोकं फिरलं का? तर गाडीची किल्ली खिशात टाकत म्हणाले, "विहीणबाई, सावली आहे तिथं गाडी नसते लावायची. सावली येऊन राहिली तिथं लावायची." दीड तासाने परतलो तेव्हा यांची गाडी सावलीत निवांत उभी, आणि सावली पाहून लावलेल्या सगळ्या गाड्या उन्हात पापडासारख्या भाजत होत्या. बरं, स्वतःपुरतं पाहून गप्प बसतील तर ते आमचे व्याही कसले. अनोळखी गाड्यांच्या काचेवर चिठ्ठ्या खोचून येतात, 'भैया, साढ़े बारह बजे यहाँ धूप आ जाएगी.' एकदा एकाला वाटलं चलान लागलं. धावत आला बिचारा, चिठ्ठी वाचली, वर झाडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी हलवली.

आणि कुठे सावली मिळालीच नाही तर? त्यालाही बंदोबस्त आहे. आपण कूलरमध्ये वाळा भरतो ना, त्याच वाळ्याच्या खिडक्यांच्या मापाच्या ताट्या त्यांनी स्वतः विणल्यात. गाडी उभी केली की त्या लावायच्या आणि मातीच्या सुरईतलं पाणी शिंपायचं. स्टिअरिंगवर ओला गमछा. बेल्टच्या बकलांना जुन्या मोज्यांच्या टोप्या, एक माझ्या जावयाच्या शाळेच्या मोज्याची आहे. परत आलं की एका बाजूची काच खाली आणि दुसऱ्या बाजूचं दार सात वेळा उघडझाप, सुपाने पाखडावं तसं, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर जाते. जावयाने शहरातून एक चांदीसारखा चकचकीत पडदा पाठवला होता समोरच्या काचेला लावायला. तो माझ्या विहिणीने मुगवड्या घालायला घेतला, आणि व्याह्यांनी वड्यांसकट तो उन्हातल्या गाडीत ठेवून दिला, ऊन फुकट जाऊ नये म्हणून. इतक्या खडखडीत वड्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत. मी विचारलं, गाडीत एसी आहे तर एवढा खटाटोप काहून करता? म्हणाले, एसी म्हणजे लग्नातला आचारी, त्याला भाजी आधी निवडून चिरून द्यावी लागते.

या सगळ्यावर कळस म्हणजे शेवटची तपासणी. सगळं झालं तरी बायकोला लगेच बसू देत नाहीत. तिला सावलीत थांबवून आधी स्वतः तिच्या सीटवर बसतात, काचा लावून, चांगली पाच मिनिटं, डोळे मिटून. मग उतरतात, दार धरतात आणि म्हणतात, "हां, बस आता." मी हे पाहून तोंडाला पदर लावून किती हसलेय ते माझं मलाच माहीत.

मागच्या मे महिन्यात विहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझं हसणं थांबलं. सकाळी आठला दवाखान्यात पोचलो, एक वाजता सुट्टी मिळणार होती. व्याह्यांनी वही उघडली, पान काढलं, आणि दवाखान्याच्या तीनमजली भिंतीजवळ गाडी लावली. म्हणाले, साडेबाराला भिंतीची सावली इथं येते, एकला ही खाली येईल तेव्हा गाडी थंडगार. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून विहीण पडली होती, मी उशाशी. मी आपली तिची करमणूक म्हणून व्याह्यांच्या त्या पाच मिनिटांची नक्कल केली. ती हसली, आणि मग म्हणाली, "ताई, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही काय?"

त्या दोघांच्या लग्नानंतर काही वर्षांनी व्याह्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. तिचा एक भाग बनवून घ्यायला हे रिछाईच्या कारखान्यात गेले. बाहेर कडुनिंबाची दाट सावली पाहून गाडी लावली, हिला म्हणाले, पाच मिनिटांत आलो. धूळ उडत होती म्हणून हिने काचा वर केल्या, आणि हिला डुलकी लागली. आत कारागीर जेवायला गेलेला. पाच मिनिटांचा तास झाला, आणि तेवढ्यात सावली सरकून गेली. हे परत आले तेव्हा ही शुद्धीवर नव्हती. दोन दिवस सलाईन लागलं. "हे त्याबद्दल आजवर एक शब्द बोलले नाहीत," विहीण म्हणाली. "मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी हे वही घेऊन आले."

एक वाजला, सुट्टीचा कागद हातात आला, तरी व्याही वर येईनात. मी खाली गेले. आमचे व्याही गाडीशेजारी उघड्या डोक्याने उन्हात उभे होते, हातात वही, आणि त्या भिंतीकडे पाहून राहिले होते. भिंतीला सावलीच नव्हती. थंडीत सूर्य खाली असतो तेव्हा तीच भिंत अंगणभर सावली टाकते. मे महिन्यात तो थेट डोक्यावर, सावली भिंतीच्या पायाशी बोटभर. "विहीणबाई," ते म्हणाले, "पान जानेवारीचं होतं." दर पानावर महिना लिहिणाऱ्या माणसाने त्या सकाळी महिना वाचलाच नव्हता. त्यांचं लक्ष कुठे होतं ते मला आता कळत होतं.

गाडी हलवावी तर पुढेमागे दुसऱ्यांच्या गाड्या. सुरई रिकामी, ताट्या सुकून कडकडीत. ते दार उघडझाप करत सुटले, सात वेळा, सतरा वेळा, वॉचमनभैया बघत राहिला. इतक्यात नर्सचा हात धरून विहीण आलीच. व्याही घाईने म्हणाले, थांब, पाच मिनिटं, मी बसून पाहतो. तर ती म्हणाली, "दरवेळी तुम्हीच बसता. आज मी बसते." आणि बसली. हे दार धरून उभे, दाराचा पत्रा हाताला पोळत असेल, पण सोडलं नाही. विचारलं, "कसं आहे?"

"थंड आहे," ती म्हणाली. पट्टीखालून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. तो मी पाहिला तसा त्यांनीही पाहिला. आयुष्यभर तपासल्याशिवाय काही पुढे जाऊ न दिलेल्या माणसाने ते खोटं तसंच पुढे जाऊ दिलं. नुसती मान हलवली, सगळ्या काचा खाली केल्या, आणि वॉचमनभैयाने पुढची गाडी हलवून घेताच गाडी काढली.

त्या पावसाळ्यात वॉचमनभैयाला विचारून त्यांनी भिंतीलगत एक कडुनिंब लावला. विजय नगरहून रोज सकाळी सुरई घेऊन जातात पाणी घालायला. आपलं वय पाहता कडुनिंब जरा सावकाशच की हो, असं मी एकदा बोलून गेले, तर म्हणाले, वही तर आतापासूनच लिहावी लागेल ना.

या मे महिन्यात डोळा दाखवायला पुन्हा गेलो. झाड माझ्या कमरेइतकं झालंय. व्याह्यांनी वही काढली, या वेळी महिना दोनदा वाचला, आणि लिहिलं, 'मे, दुपारी एक. सावली, एक पाऊल.' विहिणीने ते वाचलं, चष्म्याशिवाय. मग गाडीला हात टेकून चप्पल काढली आणि उजवं पाऊल त्या एवढ्याशा सावलीत, सकाळच्या ओल्या मातीवर ठेवलं. ते वही मिटून तिच्याकडे पाहत उभे राहिले. विचारलं काहीच नाही.

"थंड आहे," ती म्हणाली.