पुलावर न नेलेली गाडी

मी रागावत नाही, मी विचार करतो. हा फरक बायकोला समजावून सांगताना माझा आवाज जरा चढतो, एवढंच.

चेन्नईत वादळाचा इशारा आला की लोक दूध आणतात, मेणबत्त्या आणतात आणि आपली गाडी जवळच्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. (पोलीस ओरडतात, तरी ठेवतात!) त्या सकाळी आमची तांबरमची अख्खी गल्ली चाव्या घेऊन पळत होती. मी नुकताच कंपनीत 'भावनांवर ताबा' या विषयावरचं शिबिर करून आलो होतो, त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून या घाबरटांकडे दयेनं पाहत होतो.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. मी साताऱ्याचा, पण सासर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातलं, आता चेन्नईतच राहणारं. "माप्पिळ्ळे," (म्हणजे जावईबापू) "पुलावर माझ्या गाडीमागं तुमची जागा धरून बसलो आहे. खुर्ची टाकून. बेगीन या."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की भीती ही भावना आहे आणि आमची गल्ली उंचावर आहे. पोंगलला त्यांनी चारचौघांत 'माप्पिळ्ळेंना गाडी मागं घेता येत नाही' म्हटलं होतं, त्याचा या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता.

"तुम्ही आप्पांवर चिडलाय, म्हणून नाही म्हणताय," बायको, म्हणजे सुधा, म्हणाली.

"मी चिडलेलो नाही!" हे मी असं म्हणालो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग मी चावी खिशात घातली. खरं तर गाडी नावालाच माझी होती. सुधा तिच्यावरच चालवायला शिकली होती आणि जन्मात पहिल्यांदा एकटी माहेरी गेली होती, तीही त्याच गाडीनं.

दुपारी पाणी चाकांवर चढलं. मग गाडी अलगद उचलली गेली आणि उघड्या फाटकातून, कुठंही न खरचटता, एका झोकात मागं गेली! मला हे कधीच जमलं नव्हतं. वर तिचा हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. सगळी गल्ली गॅलऱ्यांत जमली. मी शिबिरात शिकवल्याप्रमाणे दीर्घ श्वास घेतला आणि तुळशीची कुंडी खाली भिरकावली. ती पुढच्या काचेवर बसली.

आता सुधा कडाडणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो. ती वाहत्या गाडीकडे बघत राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या."

तेव्हापासून ती माझ्यावर रागावलेली नाही. मी ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला, तिच्या वाढदिवसाला उशिरा येऊन पाहिलं. दर वेळी तेच, "असू द्या." मला शांत घर हवं होतं, ते मिळालं. आता तिथं बसवत नाही.

यंदा पुन्हा इशारा आला. आता जुनी घेतलेली दुसरी गाडी आहे. सुधानं मला न विचारता चावी घेतली आणि पुलाकडे निघाली. मी पिशवी भरून तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मीही येऊ?"

तिनं खरोखर विचार केला. "नको. गाडी भिजली तर कामातून जाते, तुम्हाला काही होत नाही. तुम्ही घरीच थांबा."

मी दीर्घ श्वास घेतला. तिच्या म्हणण्यात मला एकही चूक सापडली नाही.