एल्स्पेथ बुकनने शाळेतला पट्टा उतरवला

एल्स्पेथ बुकन आणि मी समुद्रकाठच्या पोर्टलोगी गावातल्या मासळी कारखान्यात एकाच टेबलाशी उभ्या राहायचो. समोर हॅडॉक माशांचा ढीग, हातात सुरी, पायात रबरी बूट. बाकीच्या बायकांच्या तोंडाचा पट्टा सुरीपेक्षा जोरात चालायचा. एल्सी ऐकायची, मध्येच हसायची, आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर खूप. एवढ्या गप्प बाईने पुढे सरकारला परदेशातल्या न्यायालयात उभं केलं. आमच्या गावात अजून कुणी कुणी म्हणतं की एल्सीला कुणीतरी पढवलं असणार. तिला कुणी पढवलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते.

तेव्हा आमच्याकडे शाळा म्हटली की पट्टा. जाड चामड्याचा, टोकाला दोन शेपट्या चिरलेला. काही मास्तर तो कोटाच्या आत खांद्यावर टाकून फिरत. एक तळहात पुढे करायचा, तो खाली जाऊ नये म्हणून दुसऱ्याने आधार द्यायचा, आणि घ्यायचा. आम्ही घेतला, आमच्या बापांनीही घेतला होता. घरी सांगितलं तर घरी आणखी एक बसायची, म्हणून कुणी सांगत नसे.

एल्सीच्या घरात मात्र मुलांवर हात उचलायचा नाही असं ठरलेलं होतं. तिची थोरली कर्स्टी चौदा वर्षांची असताना वर्गात कुणीतरी शुक्रवारी रेडिएटरच्या मागे एक हॅडॉक ठेवून दिला. सोमवारपर्यंत त्याने आपलं काम चोख केलं होतं. विज्ञानाचे सर दार उघडून तसेच मागे फिरले. मासा कुणी ठेवला ते कुणी सांगेना. तेव्हा मुख्याध्यापक मोफॅट आले आणि त्यांनी सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं. कर्स्टीची पाळी आली तशी तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाली, मी ठेवला नाही, आणि आमच्या घरी मारणं मान्य नाही. मोफॅटनी तिला दप्तर उचलायला सांगितलं. पट्टा घ्यायची तयारी असेल तेव्हाच वर्गात यायचं.

दुसऱ्या दिवशी एल्सी कारखान्याचा एप्रन न सोडताच शाळेत गेली. मोफॅट काही दुष्ट माणूस नव्हते. युद्धात लढलेले, गावातल्या कितीतरी मुलांना विद्यापीठापर्यंत पोचवलेले. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"मिसेस बुकन, दोन फटके. मिनिटभराचं काम. उद्या ती वर्गात बसेल."

"मासा तिनं ठेवला का?"

"ते कळत नाही म्हणून तर सगळ्यांना."

"मग नाही."

"शाळेतली शिस्त शाळेनं ठरवायची असते. कायदाही हेच सांगतो."

"मग कायद्याचंच बघावं लागेल," एल्सी म्हणाली. नळ गळतोय, वॉशर बदलावा लागेल, असं म्हणावं तशा सुरात.

टेबलाशी ही गोष्ट पोचली तेव्हा आमच्यातलीच बेला म्हणाली, "काय गं, तुझ्या पोरीचे हात लोण्याचे आणि आमच्यांचे लाकडाचे होय?" सगळ्या हसल्या. आणखी कुणीतरी विचारलं, राणीसाहेबांना चहाला बोलावणार का. एल्सीने मान वर न करता मासा कापला. चर्चमध्ये मात्र ते हसण्यावारी गेलं नाही. तिच्या बाकावर हळूहळू कुणी बसेना. बायका म्हणत, मोफॅटसारख्या माणसाची अशी अब्रू काढायची?

तिचा नवरा वुली तेव्हा बोटीवर होता. परतला तो हे सगळं धक्क्यावरच ऐकून. स्वयंपाकघरात आल्या आल्या त्याने सांगितलं की त्याने शाळेत आठवड्याला चार-पाच वेळा पट्टा खाल्लाय आणि तो काही मेला नाही. कर्स्टीने उद्या जावं, हात पुढे करावा, आणि हा तमाशा संपवावा. एल्सीने त्याच्यापुढे सूप ठेवलं आणि विचारलं, "वुली, तू शाळा का सोडलीस?"

वुलीने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, गणितामुळे. बेरीज चुकली की पट्टा. भीतीने पुढचीही चुकायची. एक दिवस तो शाळेऐवजी बंदरावर गेला आणि परत फिरलाच नाही. स्किपरच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, परीक्षेला आजवर बसला नाही, त्याचंही कारण तेच. आकडे दिसले की तळहाताला घाम. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मग तो उठला, कर्स्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही जायचं."

अॅबरडीनहून रोरी लॅम्ब नावाचा एक तरुण वकील मिळाला. केस विंचरायचे त्याला आठवत नसे, पण बोलणं सरळ. त्याने समजावलं की युद्ध संपल्यावर युरोपातल्या देशांनी मिळून एक करार केला होता. त्यात असं वचन होतं की कुणालाही शिक्षण नाकारलं जाणार नाही, आणि मुलांना शिकवताना सरकार आईबापांच्या श्रद्धांचा मान राखील. आमच्या सरकारनेही खाली सही केली होती. वचन मोडलं तर दाद मागायला फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला, एक न्यायालय होतं. पण आधी घरचं दार ठोठावायला हवं. तिथून हात हलवत परत आलं तरच पुढे जाता येतं.

घरचं दार म्हणजे आमच्या जिल्ह्याचं न्यायालय. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांनी सांगितलं की करारावर सरकारची सही आहे हे खरं, पण संसदेने तो करार अजून इथला कायदा केलेला नाही. त्यामुळे तो कितीही चांगला असला तरी त्यांना या खोलीत त्यावरून निकाल देता येत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे मास्तराला पट्टा मारायचा अधिकार आहे. उठता उठता ते एल्सीकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. माझे हात बांधलेले आहेत."

मला वाटलं, संपलं. बाहेर पायऱ्यांवर रोरी मात्र लग्नातल्यासारखा खुशीत होता. घरचं दार बंद झालं होतं, आता स्ट्रासबर्गचा रस्ता मोकळा होता. कचेऱ्यांमधून प्रकरण फिरायला वर्षं लागणार, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं.

आणि तोवर पोरीचं शिक्षण? एल्सी दिवसा कारखान्यात, वुली समुद्रावर. कर्स्टी स्वयंपाकघरात जुनी पुस्तकं घेऊन बसायची. अशा एका दुपारी दार वाजलं. बाहेर मिस गेडेस. निवृत्त गणिताच्या बाई, ताठ पाठ, राखाडी टोपी. वुली नेमका घरी होता. दारात त्यांना बघून तो मोठा दर्यावर्दी गडी मागे सरकला. कारण बेरजेसाठी त्याला पट्टा मारणाऱ्या बाई त्याच होत्या.

त्या आत येऊन उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "अर्ध्या गावाला मी मारलंय, विल्यम बुकन. तुला सगळ्यात जास्त. मारून तुला गणित आलं असतं तर आज तू स्वतःच्या बोटीचा स्किपर असतास. मुलीला शिकवायला आले आहे. नको असेल तर तसं सांग."

वुलीने खुर्ची ओढून दिली.

पट्ट्याशिवाय कसं शिकवायचं, हे बाईंना त्या वयात नव्याने शिकावं लागलं. सुरुवातीला चिडल्या की हात आपोआप, पूर्वी जिथे पट्टा असायचा त्या कोटाच्या खिशाकडे जायचा. मग त्या बागेत फेरी मारून यायच्या. कर्स्टी हुशार होती, तिचं लवकरच बस्तान बसलं. गंमत दुसरीच झाली. वुली बंदरावरून परतला की पेपर वाचायच्या निमित्ताने त्याच टेबलाशी बसू लागला. मग पेपर बाजूला पडला. एक दिवस बाईंनी त्याच्यापुढेही कागद सरकवला. चुकलं की त्या एवढंच म्हणायच्या, "पुन्हा बघू." दुसऱ्या वसंतात वुली बुकन स्किपरची परीक्षा पास झाला आणि आमच्या धक्क्यावर असा चालू लागला की जणू बंदर त्याच्या मालकीचं आहे. कर्स्टीने शेजारच्या गावात बाहेरून परीक्षा दिली आणि मोफॅटच्या वर्गातल्या सगळ्यांना मागे टाकलं.

स्ट्रासबर्गची तारीख लागली तेव्हा एल्सीला प्रवासासाठी कोट हवा होता. बेलाने आपला निळा कोट आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला पटलंय असं समजू नकोस. पण आमच्यातली बाई तिथं फाटक्या कोटात जाणार नाही." मला सोबत न्यायचं एल्सीने ठरवलं, कारण वुली आता स्वतःच्या बोटीचा स्किपर होता आणि ते दिवस हेरिंग मासळी धरायचे होते.

मोठं दालन, भाषांतर ऐकायला कानाला लावायची यंत्रं, निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश एका ओळीत. आमच्या गावच्या मास्तराचा पट्टा ही सगळी माणसं इतक्या गंभीरपणे ऐकत होती, की मलाच बावरल्यासारखं झालं. सरकारचा वकील म्हणाला, शिस्त ही शाळेची अंतर्गत बाब आहे, शिक्षणाशी तिचा संबंध नाही. आणि मिसेस बुकन यांना मार आवडत नाही, एवढंच. आवडनिवड म्हणजे काही श्रद्धा नव्हे.

मग रोरी उठला. त्या दिवशी त्याने केस विंचरले होते. तो म्हणाला की श्रद्धा कशाला म्हणायचं हे त्याने आपल्या अशिलालाच विचारलं होतं, आणि तिचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं: "मारलं की पोर गप्प होतं, शहाणं होत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही आणि हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही. यासाठी मी शेजारी गमावले, चर्चमधला बाक गमावला. जे नुसतं आवडत नाही त्यासाठी माणूस एवढं गमावत नाही."

मधल्या न्यायाधीशांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. एल्सीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली.

निकाल काही महिन्यांनी आला. रोरीने कारखान्यात फोन केला, आणि मुकादम धावत टेबलाशी आला. दोन्ही मुद्दे एल्सीच्या बाजूने होते. मार न खाल्ल्याबद्दल मुलीला वर्गाबाहेर ठेवणं म्हणजे तिला शिक्षण नाकारणं. आणि आईची ती श्रद्धाच होती, सरकारला तिचा मान राखायलाच हवा होता. एल्सीने सुरी खाली ठेवली, हात धुतले, आणि सगळ्यांसमोर रडली. बेला तिच्याआधी रडायला लागली होती.

पण निकाल लागला म्हणून पट्टा आपोआप जात नाही, हेही रोरीनेच सांगितलं. वचन मोडलं, एवढं न्यायालय म्हणतं. ते पाळायचं कसं, हे देशाने ठरवायचं. लंडनमधल्या सरकारने टाळाटाळ केली आणि प्रश्न आमच्या प्रांताच्या परिषदेकडे ढकलला. परिषदेत मतदान ठरलं. त्या दिवशी आमच्या टेबलावरच्या सगळ्या बायका एप्रन आणि बुटांसकट प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसल्या. मासळीचा वास खालपर्यंत पोचला असणार, कारण सभासद सारखे वर बघत होते. जुन्या शिक्षिका म्हणून बोलावलेल्या मिस गेडेस बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी आयुष्यभर पट्ट्यानं शिकवलं, आणि म्हातारपणी एका स्वयंपाकघरात त्याच्याशिवाय शिकवलं. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं शिकवलं." त्यांच्यानंतर विरोधात बोलायला फारसं कुणी उठलं नाही.

हात वर झाले. मोजायची गरजच नव्हती. प्रांतातल्या प्रत्येक शाळेतून पट्टा गेला. गॅलरीत आम्ही बुटांनी असा दणदणाट केला की अध्यक्षांनी हातोडा आपटायचं सोडून दिलं आणि तेही हसले.

त्या संध्याकाळी बंदरावरच्या, तळलेल्या बटाट्याच्या चिप्सच्या दुकानापुढे अख्खं गाव जमलं होतं. रांगेत मोफॅट होते. एल्सी आली तसे लोक दोघांकडे बघू लागले. मोफॅटनी टोपी काढली आणि बाजूला होऊन तिला पुढे जायला सांगितलं.

"तुमचा नंबर आधी आहे, सर," एल्सी म्हणाली.

"असेल," ते म्हणाले. "पण आज तुम्ही पुढे जा. कर्स्टीचं कसं चाललंय?"

कर्स्टीला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं तिने सांगितलं. कायदा शिकणार होती. मोफॅटनी मान हलवली, आणि मग त्या दोघांनी पुढे-मागे न ठरवता शेजारी शेजारी उभं राहून आपापल्या पुड्या घेतल्या. वुलीने बोटीचा भोंगा इतका लांब वाजवला की सगळे सीगल पक्षी एकदम उडाले. आणि आमची गप्प एल्सी, तोंडात गरम चिप असताना, खो खो हसत सुटली.