तळाला लावलेलं मेण

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाऊजींचं दुकान आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते सासऱ्यांच्या शेजारी बसून चामडं कापायला शिकत होते. आज पन्नाशी उलटली, सासरे जाऊनही बरीच वर्षं झाली, पण बैठक तीच आणि खिडकीही तीच. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "दिवसभर लोकांच्या जोड्या सांधतो, संध्याकाळी तरी सुट्टी नको का?"

हात चांगला आहे त्यांचा. फक्त एक खोड आहे. काम मनासारखं झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला जाऊ देत नाहीत. बुटाचा तळ कधी कुणाला दिसतो का? पण नवा तळ बसवला की हे त्यालासुद्धा मेण लावणार, फडक्याने घासून आरशासारखा करणार. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, दोन पावलांत मातीत जाणार ते!" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला दिसत नसेल, देवाला दिसतं." हे वाक्य त्यांनी माझ्याकडूनच उचललं. मी भांडी घासताना म्हणायची ते.

हे सगळं आज सविस्तर लिहिते आहे, कारण या वाक्याने गेला आठवडाभर माझी झोप उडवली होती.

भाऊजींचं दुसरं वेड म्हणजे बॉक्सिंग. दुकानात जुना टीव्ही आहे आणि मोठी लढत असली की मित्रमंडळी तिथे जमतात. त्यातले पक्के दोघे. एक मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले; लढतीचं भाकीतही पाटीगणितासारखं मांडतात, हाताची लांबी, वजन, वय, सगळं. दुसरे ड्रायव्हर, आयुष्यभर भाड्याची व्हॅन चालवली, आवाज अजून हॉर्नसारखा. भाकीत करायची इथली एक रीत आहे. दुकानात भिंतीवर गिऱ्हाइकांनी न नेलेले जुने जोड टांगलेले असतात. प्रत्येकाने एक जोड उतरवायचा, तळावर खडूने विजेत्याचं नाव आणि कितव्या फेरीत तो जिंकणार ते लिहायचं आणि उलटा टांगायचा. ज्याचं चुकेल त्याने बाकीच्यांच्या चपलांना पॉलिश करायचं. मास्तरांनी आजवर सगळ्यांत जास्त पॉलिश केलं आहे. "गणित बरोबर होतं, मारणारा चुकला," असं ते दर वेळी म्हणतात.

आणि लढत सुरू व्हायच्या आधी भेटींच्या गोष्टी. कोण कुठल्या मोठ्या बॉक्सरला भेटलं. मास्तरांनी एकदा स्टेशनवर एकाशी हात मिळवला आणि दोन दिवस तो हात धुतला नाही. त्यांच्या बायकोने तिसऱ्या दिवशी ओढत नेऊन मोरीत धुतला. ड्रायव्हरांची गोष्ट मोठी. बावीस वर्षांपूर्वी इथल्या सभागृहात मोठी लढत झाली होती. त्या वेळचा विजेता खेळायला आला होता, त्याला सगळे 'डावखुरा' म्हणायचे. त्याची व्हॅन आमच्या ड्रायव्हरांनी चालवली. "आणि लढत बघितली ती पहिल्या रांगेत बसून! त्याच्या घामाचे थेंब माझ्या शर्टावर!" हे बावीस वर्षं ऐकतो आहोत. थेंब दर वर्षी वाढतात.

भाऊजींची भेटही त्याच वेळची. लढतीच्या आदल्या दिवशी डावखुरा स्वतः या दुकानात आला होता. उंच लाल बूट, बॉक्सिंगचे, तळ पुढून सुटलेला. म्हणाला, "उद्या हवेत." समोरच्या स्टुलावर पाऊण तास बसला, दोन तांबे पाणी प्याला. मीच नेऊन दिलं होतं. एवढा दांडगा माणूस, पण तांब्या दोन्ही हातांनी धरला होता, लहान मुलासारखा. भाऊजी ही गोष्ट सांगायचे, पण पाणी प्याला तिथेच थांबायचे. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच होतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत डावखुऱ्याचा उजवा पाय घसरला, समोरच्याने ती संधी साधली, डावखुरा आडवा झाला आणि विजेतेपदाचा पट्टा गेला. पुन्हा त्याच्याकडे तो कधी आला नाही.

गेल्या सोमवारपासून भाऊजींचं जेवण कमी झालं. ताटावर बसायचे आणि उठायचे. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. मग लक्षात आलं की दुकानातला टीव्हीही बंद असतो. या रविवारी मोठी लढत होती, लांबू विरुद्ध पहाड. लांबू हा डावखुऱ्याचा शिष्य. त्यामुळे टीव्हीवर आठवडाभर गुरूची ती जुनी घसरण पुन्हा पुन्हा दाखवत होते. मुलाखतीत डावखुरा म्हणाला, "दोष कुणाचा नाही, माझ्याच पायाचा. बावीस वर्षं झाली, मी माझ्या पायाला माफ केलेलं नाही."

बुधवारी दुपारी आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, कामावर होते. भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक पत्र उतरवून द्याल?"

पत्र डावखुऱ्याला होतं. 'आपला पाय घसरला तो आपल्या चुकीने नव्हे. आदल्या दिवशी आपल्या बुटाला नवा तळ मी बसवला आणि सवयीने त्याला मेण लावून चमकवला. बॉक्सरच्या बुटाचा तळ खरखरीत लागतो, हे मला लढत संपल्यावर कळलं. आपला पट्टा मी घालवला.'

मी वाचून खाली बसले. "भाऊजी, बावीस वर्षं हे पोटात ठेवलंत?"

"कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, एवढा मोठा माणूस इथे येऊन पडला, आपल्या चांभाराने पाडला." मग हळूच म्हणाले, "माझं जाऊ द्या. तो स्वतःच्या पायाला दोष देत बसलाय, वहिनी."

मी पत्र स्वच्छ अक्षरात उतरवलं. गुरुवारी पिशवीत घालून टपालपेटीपर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. पत्र पिशवीतच. शुक्रवारी तेच. खोटं तर त्यात काही नव्हतं, मग हात का उचलत नव्हता ते मलाच कळेना. मनात येत होतं, पत्र बाहेर फुटलं तर उद्या या दुकानात कोण पाय टाकेल? आणि तेवढ्यात दुसरं मन म्हणायचं, देवाला दिसतं हे त्यांना शिकवलं कोणी? तूच ना? संध्याकाळी देवापुढे बसले की एरवी माझं मागणं लांबलचक असतं, याला बरं कर, त्याला नोकरी दे. या दिवसांत एवढंच म्हणत होते, जे खरं असेल ते समोर येऊ दे, आणि ते सोसायचं बळ दे.

शनिवारी भाऊजींनी विचारलं, "टाकलंत?"

"नाही," मी म्हटलं. "दोनदा जाऊन परत आले."

रागावले नाहीत. "बरं. मग उद्या मीच सगळ्यांसमोर बोलतो. आधी इथल्यांना कळू दे, पत्राचं मग बघू."

रविवारी दुपारी मंडळी जमली. ह्यांनी खुर्च्या मांडल्या. मास्तरांनी बुटाच्या तळावर लिहिलं, 'लांबू, सातवी फेरी', आणि वर कारणंही लिहायला लागले.

"मास्तर, तो तळ आहे, उत्तरपत्रिका नाही!" ड्रायव्हर गरजले. त्यांनी स्वतः 'पहाड, पहिली' असं लिहून जोड टांगला. "त्या लांबूला त्याच्या गुरूसारखाच पाय घसरायचा शाप आहे बघा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. भाऊजी खिडकीपाशी आपल्या जागेवर बसले होते, हातात चामडं टोचायची आरी, पण समोर काम नव्हतं. ते म्हणाले, "त्याचा पाय घसरला नाही. मी घसरवला."

आणि सगळं सांगून टाकलं. तळ, मेण, फडकं. बोलताना आरी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. मी ट्रे शिलाईच्या मशीनवर ठेवला. टीव्हीवर कुणीतरी ओरडून ओळख करून देत होतं, ह्यांनी आवाज बंद केला.

मास्तर म्हणाले, "म्हणजे... त्या पट्ट्याचं..." आणि थांबले. मी ड्रायव्हरांकडे बघत होते. मला भीती त्यांचीच होती. हा माणूस बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार.

पण ड्रायव्हर खुर्ची ओढून भाऊजींसमोर येऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "तो तळ असा होता का, की बोट टेकवलं तर सुळकन पुढे जावं?"

"असणारच."

"आणि उजव्या बुटाला टाचेपाशी आतून चामड्याचा छोटा तुकडा लावला होता? गडद रंगाचा?"

भाऊजींनी मान वर केली. "तो मी त्याला न विचारता लावला होता. आतलं अस्तर फाटलं होतं म्हणून. तुम्हाला कसं माहीत?"

ड्रायव्हरांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. "कारण लढत चालली होती तेव्हा ते बूट माझ्या मांडीवर होते."

"तुम्ही पहिल्या रांगेत होता ना?" मास्तर म्हणाले.

"नव्हतो हो!" ड्रायव्हर उसळले. "आत सोडतोय कोण मला? सभागृहामागे व्हॅनमध्ये बसलो होतो. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ही खाली ठेवायची नाही. त्यात ते बूट होते. त्याच्या पहिल्यावहिल्या लढतीचे. ते घालायचा नाही तो, पण बरोबर असल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. तळ सुटला म्हणून आदल्या दिवशी कासावीस झाला होता, म्हणून तर इथे आला. मी रेडिओवर लढत ऐकत होतो आणि बूट काढून बघत बसलो होतो. तळात माझं तोंड दिसत होतं. म्हटलं, कोण वेडा आहे हा, तळाला पॉलिश करणारा!"

"पण टीव्हीवर लालच दिसतात," भाऊजी म्हणाले.

"त्याच्या सगळ्याच जोड्या लाल! पिशवीत आणखी एक होती, ती घालून तो उतरला. आणि परत येताना व्हॅनमध्ये शिव्या घालत होता स्वतःला. कोपऱ्यात पाणी सांडलेलं दिसलं होतं, तरी पाय टाकला, म्हणून. हे मी या कानांनी ऐकलं."

"बावीस वर्षं," भाऊजी म्हणाले. "बावीस वर्षं हे सांगता नाही आलं तुम्हाला?"

"आणि घामाचे थेंब कुठे ठेवू?" ड्रायव्हर म्हणाले. "एकदा पहिल्या रांगेत बसलो म्हटलं की उठता येतं का माणसाला?"

आधी ह्यांना हसू फुटलं, मग मास्तरांना. मास्तर तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "म्हणजे थेंब रेडिओतून उडाले! आणि हा गडी बावीस वर्षं न घातलेल्या बुटाचं पाप वाहतोय!"

"उद्या विजेत्याला सर्दी झाली तरी म्हणेल, मीच पाणी दिलं होतं," हे म्हणाले.

"पाणी मी दिलं होतं," मी म्हटलं, आणि माझ्याही नकळत हसले. मग मात्र तिथे उभं राहवलं नाही. आत गेले, देवापुढे हात जोडले, काही मागितलं नाही. पिशवीतून पत्र काढून आणलं आणि भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी ते मास्तरांना वाचायला दिलं! मास्तरांनी वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं आणि 'आपला पट्टा मी घालवला' या ओळीवर ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. भाऊजी लाल झाले होते, पण अडवलं नाही कुणाला. ज्या चेष्टेला ते बावीस वर्षं घाबरत होते ती चालू होती, आणि ते पाय लांब करून बसले होते.

या गोंधळात टीव्हीचा आवाज लावायचं कुणाला सुचलं नाही. बघितलं तेव्हा लांबू हात वर करून उभा होता. कितव्या फेरीत जिंकला ते आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. मास्तर म्हणाले, सातवी. ड्रायव्हर म्हणाले, पुरावा द्या.

आज सोमवार. सकाळी दहाला एक बाई एका पायात चप्पल आणि एक हातात घेऊन आल्या. भाऊजी दुकानात मशीनला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. एवढ्या वर्षांत या वेळी झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बाईंना माझ्या चपला घालायला दिल्या आणि म्हटलं, तासाभराने या.