आत्याचा उजवा डोळा

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. आणीबाणी उठली त्या वर्षी, मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या भागातल्या दवाखान्यात. कंपाउंडरने मान वर न करता सांगितलं, "डोळं आल्यात. साथ हाय. थेंब घाला."

डोळे आले नव्हते! आदल्या दिवशी वालाच्या शेताला कुंपण घालताना करवंदीचा काटा उजव्या बुबुळात घुसला होता. आत्या तेच सांगत होती. तो पुढच्या माणसाला हाक मारत होता.

पण पहिला गुन्हा आमच्या घरचा. काटा आत्याने स्वतःच उपटला, आणि डोळ्यात घालायला शेजारच्या बाळंतिणीचं दूध वाटीत घेऊन आलो तो मी. भिंतीभिंतींवर पत्रकं चिकटवून लोकांना शहाणं करायला निघालेला मी!

बुधवारी सकाळी बुबुळात पांढरा पू दिसला. पापणी सुजून टम्म. आत्या म्हणाली, "उजाडलं का रं? या डोळ्याला नुस्ता धूर दिसतोय."

मी तिला घेऊन हमरस्त्यावरचं चौक गाव गाठलं. गॅरेजवर पेंढ्याचा टेंपो चाक बदलून मुंबईला निघत होता.

"माणसं न्यायची परवानगी नाय," ड्रायव्हर म्हणाला.

"माणूस नाही, डोळा न्यायचाय," मी म्हणालो. त्याने आत्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले: काय लागलं, कधी लागलं? कंपाउंडरला एवढंही विचारता आलं नव्हतं. काट्याबरोबर जंतू आत गेले होते. थेट डोळ्यात सुई दिली. "उद्यावर टाकलं असतंत तर डोळा काढावा लागला असता," बाई म्हणाल्या. दुधाचं कळल्यावर त्यांनी मला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं. बरं केलं.

डोळा वाचला! पहिल्यासारखा लख्ख नाही, पण वाचला. महिन्याभराने आत्या त्याच दवाखान्यात गेली आणि डावा डोळा तळहाताने झाकून कंपाउंडरसमोर उभी राहिली.

"दादा, तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलंय. आलेल्या डोळ्याला दिसतंय बरं का!"

त्याने आधी बटण चाचपलं, मग मान वर केली. रांग खदखदून हसली. त्याच रांगेच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज मी वर धाडला, आणि पावसाच्या आत दारावर पाटी लागली: डोळ्याला जखम असल्यास रांग नाही.

आता तुम्ही. डोळ्यात काही घुसलं तर उपटू नका, चोळू नका, दूध-मध घालू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी वाटी पालथी बांधा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. आणि समोरचा मान वर करत नसेल, तर तो करेपर्यंत तिथून हलू नका.