कचरापेटीतली त्रेचाळीस टिपणे

बुधवार, १२ मार्च. सकाळी ढगाळ. दूध नासले. दहा वाजता संगणक लावला. कचरापेटी रिकामी.

माईंनी एवढेच लिहिले आणि पेन खाली ठेवले. वेबसाइटवरची ती कचरापेटी त्यांनी तीनदा उघडून पाहिली होती. काल-परवापर्यंत तिच्यात यजमानांची त्रेचाळीस टिपणे होती.

यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. धागा का तुटतो, टाके का सुटतात, पट्टा कधी बदलावा, हे सगळे त्यांनी गिऱ्हाइकांसाठी वेबसाइटवर लिहून ठेवले होते. लिहिणे गमतीदार, पण मांडणी म्हणजे जत्रा. लाल अक्षरे, पिवळी पार्श्वभूमी, मध्येच लुकलुकणारी सुई. ते गेल्यावर वर्षभराने माईंनी वेब डिझाइनच्या प्राथमिक वर्गात नाव घातले. "पानाला मोकळा श्वास घेऊ द्या. नजर टेकायला जागा हवी," असे शिक्षिका सांगत. माईंना ते पटले. त्यांनी यजमानांची सगळी एकसष्ट टिपणे कचरापेटीत टाकली. रोज एक बाहेर काढायचे, नीटनेटके करायचे आणि पुन्हा प्रसिद्ध करायचे, असा बेत. अठरा झाली होती.

त्यांच्या घरी कागदाची टोपली विचारल्याशिवाय कुणी रिकामी करत नसे. यजमान चिठोऱ्यांवर मापे लिहीत, म्हणून दर शनिवारी दोघे टोपली पालथी घालून एकेक कागद बघत आणि मगच फेकत. चाळीस वर्षे हा शिरस्ता. संगणकाची पेटी स्वतःहून रिकामी होईल, हे माईंच्या डोक्यातही आले नाही.

लेकीला फोन लावला.

"कधी टाकली होतीस?"

माईंनी डायरीची पाने उलटली. "नऊ फेब्रुवारीला. रविवार होता."

"तीस दिवस झाले की ती आपोआप साफ होते गं! मसुदा म्हणून ठेवायची होतीस. वर्गात शिकवलं नाही का?"

"शिकवलं. पण मसुदा म्हणजे अर्धवट लिहिलेलं. त्यांचं पूर्ण होतं."

लेक म्हणाली, "तू आणि तुझी शिस्त! बाबांची जत्रा बरी होती. निदान जागेवर तरी होती." पण तासाभराने तिचाच फोन आला. आवाज उतरलेला. "वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीत विचारलं, आई. बॅकअप आपण कधी सुरूच केला नव्हता."

माईंनी डायऱ्या चाळल्या. 'यांनी आज बॉबिनवर लिहिले. चार वाजता चहा.' काय लिहिले, ते नव्हते. चहाची वेळ तेवढी नीट होती.

दुपारी शिंपीणबाईंचा फोन आला. त्या यजमानांच्या जुन्या गिऱ्हाईक.

"माई, मशीन खालून गुंता करतंय. काकांचं पान कुठं गेलं?"

"माझ्या हातून पुसलं गेलं."

"अरे देवा."

"तुम्ही कुठं उतरवून घेतलं होतं का?"

"छे! उतरवायचं कशाला? तिथंच होतं की."

मग शिंपीणबाई सावकाश म्हणाल्या, "थांबा. 'आधी वरचा धागा पुन्हा ओवा. मग बॉबिन काढून परत बसवा. तरीही गुंता झाला, तर सुई बदला. मशीनला शिव्या सगळ्यात शेवटी.' असंच काहीतरी होतं बघा."

"शेवटी की आधी?"

"शेवटी. बहुतेक."

माईंनी ते टाइप केले. 'बहुतेक' हा शब्द मात्र छळत राहिला. नवऱ्याच्या नावावर दुसऱ्याची वाक्ये कशी खपवायची? पानाच्या तळाशी त्यांनी ओळ घातली: 'मूळ टिपण माझ्या चुकीने नष्ट झाले. हे एका गिऱ्हाइकाच्या आठवणीतून.' ती वाचून लेक चिडेल, वर्गातल्या बायका हसतील. तरी त्यांनी 'प्रसिद्ध करा' दाबले. बेचाळीस उरली. त्यातली किती कुणाला आठवत असतील, देव जाणे.

संध्याकाळी डायरीत नेहमीसारखेच लिहिले: मागची खिडकी नीट लागत नाही. सुताराला निरोप दिला. उद्या येतो म्हणाला.