सरळ पाइपाचा आवाज

वेल्डिंगचा जळका वास आला की मला मावसभावाची मोटारसायकल आठवते. आमच्या दोघांच्या गाड्या सारख्याच होत्या, आणि आई गेल्यापासून मीही मावशीकडेच जेवायचो. खोडाळ्याच्या चिखलपाण्याने त्याच्या सायलेन्सरमधला आवाज दाबणारा व्हॉल्व्ह गंजून अडकला, तेव्हा जव्हारच्या मिस्त्रीने तो काढून तिथे साधा सरळ पाइप जोडला. त्यानंतर ती गाडी अशी घुमायची, की तो खालच्या वळणावर असतानाच मावशी तव्यावर नागलीची भाकरी टाकायची. माझी गाडी अंगणात येऊन थांबली तरी कुणाला पत्ता नसे. माझ्या पोटात दुखायचं. शेवटी मीही मिस्त्रीकडे गेलो. "व्हॉल्व्ह चांगला आहे की, कशाला काढतोस?" त्याने विचारलं. "तू काढ," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी मुद्दाम रेस करत चढ चढलो. मावशी पिठाच्या हातांनी धावत दारात आली आणि मला बघून थबकली. "तू आहेस का? मला वाटलं, तोच आला." तव्यावर भाकरी फुगली होती, ती मीच खाल्ली. आता तो ठाण्याला असतो, गाडी त्याने केव्हाच विकली. माझ्या गाडीचा आवाज ऐकून मावशी अजून दारात येते, त्याच्यासाठी.