भोंगा, कठडा आणि चौथं डोकं

बबनशेठने बटण दाबलं आणि ग्रामपंचायतीच्या खिडक्या थरथरल्या. टेबलावरचा चहा बशीत सांडला. समोरच्या आंब्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. बबनशेठ डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकत उभे होते.

"भाऊसाहेब, आयकलात काय?" भोंगा थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"मीच काय, तानसा तलावातल्या माशांनीसुद्धा ऐकला असेल," मी म्हणालो.

मी तिथला ग्रामसेवक. गावात सगळे भाऊसाहेब म्हणायचे. ग्रामसेवक म्हणजे पंचायतीचा सचिव. सभेची नोटीस काढायची, ठराव लिहायचे, शिव्या खायच्या. मत द्यायचा अधिकार मात्र नाही. गाव शहापूर तालुक्यातलं, सापगावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण त्यातली निम्मी माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिल्हा परिषदेकडून सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अनुदान आलं होतं. काम एकच करायचं, कोणतं ते पंचायतीने ठरवायचं. मार्च संपायच्या आत ठराव पंचायत समितीत पोचला नाही तर अनुदान लॅप्स, म्हणजे आलं तसं परत. हा नियम सगळ्यांना पाठ होता.

उपसरपंच बबनशेठना भोंगा हवा होता. चोर आला, वणवा लागला, बिबट्या दिसला, की वाजवायचा. खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या गावाने पंचायतीवर घड्याळ बसवलं होतं आणि ते यांना सहन होत नव्हतं. त्यात त्यांच्या मेहुण्याचा भंगाराचा धंदा. वाशिंदकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा त्याच्याकडे धूळ खात पडला होता. तोच आज चाचणीसाठी आणला होता.

चाचणीचा परिणाम पाचच मिनिटांत दिसला. गावातले बरेच जण वाशिंदला कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून दुपारी झोपलेले तिघे भोंगा ऐकून ताडकन उठले आणि डबा मागायला लागले. एकजण तर लुंगीवरच शर्ट चढवून सायकलवर बसला. त्याला सापगावच्या रस्त्यावरून माघारी आणावं लागलं. बायकोने थांबवलं तर तिलाच म्हणतो, "सोड, खाडा पडंल!"

"बघा, माणसं कशी जागी झाली!" बबनशेठ खूश.

"जागी झाली आन् गाव सोडून पलाली," सरपंच हिराबाई म्हणाल्या.

हिराबाई राखीव जागेवरून निवडून आलेल्या. भाताची शेती, चौथीपर्यंत शिक्षण, आवाज बारीक. त्यांना भोंगा नको होता. त्यांना साकवाला कठडा हवा होता. साकव म्हणजे ओढ्यावरचा चिंचोळा पायपूल. आमच्या साकवाला दोन्ही बाजूंनी काहीच नव्हतं. ओढ्यापलीकडच्या पाड्यातली पोरं त्यावरून शाळेत यायची. हिराबाईंचं घरही पलीकडेच. आदल्या पावसाळ्यात त्यांची मुलगी कविता दप्तरासकट पाण्यात गेली. पुढे करंजाच्या फांदीला अडकली म्हणून वाचली. त्यानंतर हिराबाईंनी पावसात तिला शाळेत पाठवणं बंद केलं. पोरगी रोज दाराशी बसून रडायची. आणि इथे हे भोंगा वाजवत होते.

मत देणारे सदस्य सात. हिराबाई धरून तीन बायका कठड्याच्या बाजूने. बबनशेठ धरून चार पुरुष भोंग्याच्या बाजूने. हिशोब उघड होता. आता माझी एक चूक कबूल करतो. मी सभेच्या आधीच प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, ठराव लिहून ठेवला होता: 'भोंगा बसविण्यात यावा, सर्वानुमते मंजूर.' सगळे ग्रामसेवक असंच करायचे. सूचक, अनुमोदक यांची नावं तेवढी सभेत भरायची. वेळ वाचतो.

पण त्या चाचणीच्या दिवशी हिराबाईंनी बबनशेठना साधा प्रश्न विचारला.

"भावजी, याचं बटन कुठं?"

"पंचायतीत."

"पंचायतीची चावी कोनाकडं?"

"धर्माकडं." धर्मा म्हणजे आमचा शिपाई.

"आन् धर्मा राहतो कुठं?"

उत्तर धर्मानेच दिलं, "वढ्याच्या पल्याड, बाई."

"मंजी पावसात चोर आला तर धर्मानं पहिला त्या साकवावरून यायचं. आला तर भोंगा वाजंल. नाय आला तर धर्मासाठी कोन वाजवनार?"

सगळे हसले. धर्मा सोडून. भोंग्यावाल्यांमधले गणपतमामा, वयाने सगळ्यात मोठे, ते मान हलवत म्हणाले, "हिराचं बराबर हाय रं बबन. मी आपला कठड्याला."

झालं. चार-तीनचं तीन-चार झालं. बबनशेठनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि मेहुण्याला भोंगा टेम्पोत चढवायला सांगितलं.

सभा चार दिवसांवर होती. मार्चमधली शेवटची. सभा चालवायला निम्मे तरी सदस्य हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. आमच्याकडे चार डोकी लागायची. बबनशेठना एवढा नियम पक्का ठाऊक होता. त्यांनी काय करावं? ऐन सभेच्या वेळी आपल्या गच्चीवर मटणाचं जेवण ठेवलं आणि आपल्या बाजूचे दोघे आणि गणपतमामा यांना बोलावलं.

गणपतमामांची पंचाईत झाली. हिराबाईंना शब्द दिलेला, पण बबनशेठही भावकीतले. बबनशेठनी तोड काढली, "मामा, माझ्या बाजूनं मत देऊ नका. तुमी फक्त जेवा."

मामांना मटण फार आवडायचं.

तर सभेच्या दिवशी पंचायतीत तीन बायका, मी आणि धर्मा. समोरच बबनशेठची गच्ची. चौघे पाटावर बसलेले स्पष्ट दिसत होते. रश्श्याचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत. धर्मा सारखा आवंढे गिळत होता.

मी गच्चीखाली जाऊन हाक मारली, "बबनशेठ, सभा आहे! अनुदान परत जाईल!"

वरून आवाज आला, "जाऊ दे! पन कठडा नाय होनार!"

"अहो, पोरांचा प्रश्न आहे!"

"भाऊसाहेब, तुमी पन या वर. दोन घास खा."

मी खरंच चिडलो. अनुदान बुडालं तरी चालेल, पण दुसऱ्याचं काम होऊ द्यायचं नाही, याला काय म्हणावं! अर्धा तास वाट पाहिली. कोणी आलं नाही. हिराबाईंचे डोळे भरले होते.

"मंजी यंदा पन कविता घरीच," त्या म्हणाल्या.

"सरपंचबाई, तुम्ही सभा तहकूब करा," मी म्हणालो. "उद्या अकरा वाजता."

"उद्या तरी चार कुठून येतील?"

"उद्या चार लागत नाहीत."

तहकूब म्हणजे पुढे ढकललेली सभा. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. विषय तेच ठेवायचे, आणि जितके येतील तितक्यांत निर्णय. हे मी कोणापासून लपवलं नाही. लगेच नोटीस लिहिली. चौथ्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.' एक प्रत बोर्डावर लावली, एक धर्माच्या हाती दिली. "सगळ्यांच्या सह्या आण."

धर्मा गच्चीवर गेला. तेव्हा दुसरी वाढ चालू होती. चौघांनी जेवता जेवता सह्या केल्या. वाचलं कोणीच नाही. आमच्याकडे नोटीस सही करायला असते, वाचायला नाही. धर्मा सह्या आणि ओठांना तेल घेऊन परतला.

दुसऱ्या दिवशी अकराला तिन्ही बायका हजर. गच्चीवर पुन्हा चौघे. कालचा रस्सा उरला होता आणि आजही सभा मोडायची होती. तिकडे भाकऱ्या मोडल्या जात होत्या, इकडे हात वर झाले. विरोधात कोणी नाही. साकवाला कठडा, ठराव मंजूर. मी तो घेऊन तडक शहापूरला गेलो.

दोन दिवसांनी बबनशेठ गटविकास अधिकाऱ्यांसमोर हजर. तालुक्याचे हे मोठे साहेब, सगळे त्यांना बीडीओ म्हणायचे. मलाही बोलावणं आलं.

"साहेब, आमाला नोटीसच नाय मिळाली!" बबनशेठ छातीवर हात ठेवून म्हणाले.

साहेबांनी फाइल उघडली. नोटिशीवर बबनशेठची सही. शेजारी पिवळा, तेलकट, अख्खा अंगठा. साहेबांनी कागद उजेडात धरला. मग चक्क नाकाजवळ नेला.

"मटण?"

बबनशेठनी अंगठा पाठीमागे लपवला.

"गावठी मसाला दिसतोय," साहेब म्हणाले. "सही तुमचीच ना?"

"सही माझीच, साहेब. पन वाचलं नवतं."

"मग आता वाचा."

त्यांनी तिथेच उभं राहून चौथी ओळ वाचली. चेहरा असा झाला की मला थोडी दयाच आली. ती फार टिकली नाही, कारण साहेबांनी पुढे प्रोसिडिंग बुक उघडलं आणि माझा 'सर्वानुमते मंजूर' भोंगा सापडला. न झालेल्या ठरावाचा खुलासा मला दोन पानं लिहून द्यावा लागला. साहेब मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बबनशेठ बाजूला उभे राहून मनापासून ऐकत होते.

जूनच्या आत कठडा झाला. लोखंडी पाइपांचा, हिरव्या रंगाचा. जुलैत ओढा फुगला, तेव्हा मी मुद्दाम शाळेच्या वेळी साकवावर गेलो. कविता एका हाताने पाइप धरून आली आणि मला न बघताच शाळेकडे पळाली. पलीकडच्या काठावर हिराबाई उभ्या होत्या. त्यांनी मला लांबूनच हात जोडले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी उगाच कठडा हलवून पाहिला. पक्का होता.

सभेला न जाणं हेही एक मत असतं. ते कोणाच्या बाजूने पडलं, हे गच्चीवर जेवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. बबनशेठना ते कळलं. माझी बदली होईपर्यंत त्यांनी एकही सभा चुकवली नाही. अर्धा तास आधी यायचे, चष्मा लावून नोटिशीची ओळ न् ओळ मोठ्याने वाचायचे, आणि प्रत्येक ओळीवर मला एक शंका विचारायचे. ग्रामसेवकांसाठी म्हणून सांगतो: सदस्यांना एकदा वाचायची सवय लागली, की घरी जायला रोज उशीर होतो.